इंग्रजी उपपदे आणि मातृभाषेचा आधार



महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. 'अ', 'ॲन' आणि 'द' ही तीन चिमुकली उपपदे तेव्हापासून प्राथमिक शिक्षकाच्या पदरी पडली आहेत. शब्द लहान, परंतु वहीतील पुष्कळशा लाल खुणा त्यांच्याच वाट्याला येतात. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती मराठी मुलास समजणे कठीण, असे सामान्यतः मानले जाते. हे अर्धसत्य होय. उपपदांमागील विचार मुलाच्या मनात शाळेत येण्यापूर्वीच रुजलेला असतो.

आजीच्या गोष्टीचा आरंभ पाहावा. 'एक राजा होता. राजाला दोन मुलगे होते.' पहिल्या वाक्यात राजा ऐकणाऱ्यास अपरिचित आहे, म्हणून 'एक' आला. दुसऱ्या वाक्यात तो परिचित झाला आणि 'एक' गळाला. तेथेही आजी 'एका राजाला' म्हणाली, तर नातू तत्काळ विचारील, "हा दुसरा राजा कुठला?" इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ किंग' आणि दुसऱ्या ठिकाणी 'द किंग' येते, ते याच कारणाने. या उपपदांचे मूळही हेच सांगते. 'ॲन' हे 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून, तर 'द' हे 'तो, ते' अशा दर्शक सर्वनामापासून आले आहे. यास्तव पहिला प्रश्न नियमाचा नसून ऐकणाऱ्याचा आहे: कोणती वस्तू, हे त्यास ठाऊक आहे काय?

मात्र 'अ' म्हणजे 'एक' असे समीकरण फळ्यावर मांडणे घातक ठरते. 'माझे वडील शेतकरी आहेत' या वाक्यात मराठीस 'एक' नको असतो. इंग्रजीस 'अ फार्मर' असे म्हणावेच लागते. समीकरण पाठ केलेला मुलगा एक तर 'माय फादर इज फार्मर' असे लिहितो, नाही तर 'माझे वडील एक शेतकरी आहेत' असे मराठी बोलू लागतो. पहिल्यात इंग्रजी बिघडते, दुसऱ्यात मराठी.

'अ' की 'ॲन', हे अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर ठरते. येथे देवनागरी लिपी शिक्षकाच्या मदतीस येते. शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावा. आरंभी स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'अ'. 'अवर', 'ऑनेस्ट मॅन' व 'एमएलए' यांच्यापूर्वी 'ॲन' येते. 'युनिव्हर्सिटी' व 'वन-रुपी नोट' यांच्यापूर्वी 'अ' येते. मात्र उच्चार शुद्ध हवा. वर्ष या अर्थाचा शब्द आपल्याकडे बहुधा 'इयर' असा उच्चारला जातो आणि त्यातूनच 'ॲन इयर' ही चूक जन्मते. त्या शब्दाच्या आरंभी 'य'चा उच्चार आहे, म्हणून तेथे 'अ' हवे.

'द'चे पाठ परिसरातून द्यावेत. नदीच्या नावापूर्वी 'द' येते: 'द गोदावरी', 'द कृष्णा'. एकट्या शिखराच्या नावापूर्वी ते येत नाही; परंतु १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर म्हणताना 'द हायेस्ट पीक' असेच म्हणावे लागते. विद्यार्थी शिकण्यासाठी जातो तेव्हा 'गोज टू स्कूल'. त्याचे वडील गुरुजींना भेटावयास त्याच शाळेत जातात तेव्हा 'गोज टू द स्कूल'. पाणी, दूध, तांदूळ अशा न मोजता येणाऱ्या पदार्थांना 'अ' लागत नाही. एवढा भेद चौथीपर्यंत पुरेसा आहे.

शेवटी एक विनंती. 'माय फादर इज फार्मर' असे म्हणणाऱ्या मुलाने आपले म्हणणे पोचविलेले असते. त्यास मध्येच अडवू नये. गुरुजींनी हसून 'युअर फादर इज अ फार्मर? व्हेरी गुड!' असे म्हणावे. चूक न दाखविता शुद्ध रूप कानी पडते आणि पुढच्या वेळी ते मुलाच्या ओठी येण्याची वाट मोकळी होते. गळालेले उपपद उद्या भरून काढता येते. बोलण्याचे गळालेले धैर्य परत आणणे फार कठीण असते.