किल्ली कोणाकडे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी राहतो नाकाडोंगरीला. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचं हे टोक, पलीकडे मध्य प्रदेश लागतो. आजूबाजूला जंगल, धानाच्या बांध्या आणि डोंगरी बुजुर्ग, चिखला इथल्या मॅंगनीजच्या खाणी. मी निवृत्त शिक्षक. निवृत्त गुरुजींकडे माणसं अर्ज लिहून घ्यायला येतात. असाच एक अर्ज मी काही वर्षांपूर्वी लिहिला. आज त्याची गोष्ट सांगतो.

जवळच्या एका गावातली पाच-सहा पोरं आली होती. पोलीस भरती, तलाठी भरती यांचा अभ्यास करणारी. म्हणाली, "गुरुजी, घरी एकच खोली, त्यातच टीव्ही. बसाले जागा पाहिजे जी." खासदार निधीतून वाचनालयाची इमारत होऊ शकते, एवढं मला ठाऊक होतं. गावातल्या एका संस्थेच्या नावाने अर्ज केला. त्या संस्थेच्या कार्यकारिणीत मलाही नावापुरतं घेतलेलं होतं. काम मंजूर झालं, इमारत उभी राहिली. नारळ फुटला, फीत कापली, पाटी लागली. त्या दिवशी मलाही हार घातला होता.

वर्षभराने त्या रस्त्याने जाणं झालं. वाचनालयाला कुलूप. खिडकीतून डोकावलो, तर आत धानाची पोती आणि फवारणीचा पंप. पोरं बाहेर पायरीवर पुस्तकं घेऊन बसलेली. विचारलं, "किल्ली कोणाकडे?" कुणालाच नीट सांगता येईना.

मी रागावलो. या इमारतीची जबाबदारी कुणी घेतली होती ते पाहावं, म्हणून माहितीच्या अधिकारात कागद मागवले. त्यात एक हमीपत्र निघालं. इमारत चालवणं, तिची देखभाल करणं ही जबाबदारी संस्था घेते, असा मजकूर. खाली सह्या. त्यांतली एक सही माझी. मी तो कागद न वाचताच सही केली होती.

श्रोतेहो, त्यानंतर मी या योजनेचे नियम वाचायला बसलो. जे आधी करायचं ते नंतर केलं.

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना तत्कालीन पंतप्रधान नरसिंह राव यांनी 23 डिसेंबर 1993 रोजी संसदेत जाहीर केली. पहिल्या वर्षी एका खासदारामागे 5 लाख रुपये होते. पुढच्याच वर्षी 1 कोटी झाले, 1998-99 पासून 2 कोटी आणि 2011-12 पासून 5 कोटी. 'खासदारांनी पैसे दिले' असं आपण म्हणतो, पण हा पैसा खासदारांच्या हाती येत नाही. ते काम सुचवतात. तपासणं, मंजूर करणं आणि करवून घेणं हे जिल्हा प्रशासनाचं काम. शिवाय वर्षाच्या रकमेतला 15 टक्के भाग अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावा, असा नियम आहे. आणि मंजुरीच्या आधी, वास्तू कोण चालवणार आणि सांभाळणार याची हमी लेखी घ्यायची असते. तोच तो कागद, ज्यावर मी सही केली होती.

5 कोटी ऐकायला मोठे वाटतात. आमच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं आणि 18 लाखांच्या आसपास मतदार. हिशेब केला तर वर्षाला एका मतदारामागे अठ्ठावीस रुपयेही पुरते पडत नाहीत. एवढ्याशा पैशातून झालेली खोली बंद राहिली, तर पुन्हा आपला नंबर कधी लागेल? कोरोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, ही योजनाच थांबवली होती. नोव्हेंबर 2021 मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. तेव्हा कळलं की हा निधी कायमचा गृहीत धरता येत नाही.

ही योजना असावी की नसावी, यावरही वाद झाला आहे. कायदे करणाऱ्याने रस्ते-सभागृहं वाटत बसू नये, असा आक्षेप आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 6 मे 2010 रोजी ती वैध ठरवली. अमेरिकेतही असा निधी 2011 पासून काही वर्षं बंद होता. 2021 मध्ये तो परत आला तेव्हा तिथल्या प्रतिनिधीगृहाने अट घातली. सदस्याने आपली मागणी आधी संकेतस्थळावर जाहीर करायची आणि या कामात आपला किंवा आपल्या कुटुंबाचा आर्थिक फायदा नाही, असं लिहून द्यायचं.

आपल्याकडेही कामांची माहिती संकेतस्थळावर असते. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. पण आपण विचारतो फक्त एकच, 'निधी कुणी आणला?' चहाच्या टपरीवर भांडणं होतात तीही पाटीवरच्या नावावरून.

म्हणून माझी विनंती आहे. गावात असं काम येणार असेल, तर नारळ फुटण्याआधी ग्रामसभेत चार गोष्टी विचारा. ही जागा कोण वापरणार? हमीपत्रावर कुणाच्या सह्या आहेत? विजेचं बिल कोण भरणार? आणि किल्ली कोणाकडे राहणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. तुम्हाला कुणी सही मागितली, तर कागद आधी वाचा.

त्या वाचनालयाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मी हमीपत्राची प्रत घेऊन संस्थेच्या बैठकीत गेलो आणि आधी स्वतःची चूक सांगितली. मग बोलणं सोपं झालं. पोती हलली. किल्ली आता आळीपाळीने पोरांकडेच असते आणि बिलासाठी महिन्याची वर्गणी ठरली आहे. एका कोपऱ्यात छत गळतं, त्याचं अजून जमलेलं नाही.

पण माझ्याकडून अर्ज लिहून घेणाऱ्यांपैकी दोघांची भरतीची वयोमर्यादा तोवर उलटून गेली होती. त्यांतला एक आता खाणीवर रोजंदारीने जातो. परवा बाजारात भेटला. म्हणाला, "उघडलं न जी गुरुजी? बरं झालं, लहान भाऊ जाते तिथं."

त्याला मी काय उत्तर देणार होतो? घरी आलो आणि हे भाषण लिहायला बसलो.