जलचरांविषयी दया आणि विवेक



भूतदया हा संतांच्या शिकवणीचा प्राण होय. गोदेच्या वाळवंटात तहानेने तळमळणाऱ्या गाढवास श्रीएकनाथमहाराजांनी कावडीतील गंगोदक पाजले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या जीवास जे हवे होते, तेच नाथांनी दिले. दयेच्या जोडीस विवेक असावा लागतो, हे या कथेचे मर्म.

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता कालेश्वरम् येथे गोदावरीत विलीन होते. कुंतला धबधब्याची कडम नदीही गोदावरीकडेच जाते. म्हणून येथील ओढ्यात सोडलेला मासा गोदामाईपर्यंत पोहोचू शकतो.

बाजारातील जिवंत मासे पुण्यबुद्धीने नदीत सोडावेत, असे कित्येकांस वाटते. भावना निर्मळ खरी. परंतु मासा कोणता, हे पाहणे अगत्याचे आहे. चिलापी भारतात आली ती १९५२ साली. ती पिले तोंडात सांभाळते व वर्षातून अनेकदा प्रजनन करते. केवळ पावसाळ्यात अंडी घालणारे देशी मासे तिच्यापुढे मागे पडतात. आफ्रिकन मांगूर घाण पाण्यातही तगतो आणि लहान मासे व बेडूक फस्त करतो. केंद्र शासनाने २००० सालीच त्याच्या पालनास बंदी घातली.

परका मासा परदेशीयच असतो असे नाही. मुळा-मुठेतील ज्या महाशीराचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, त्या दख्खनी माशाची लोणावळ्यास वाढविलेली पिले १९७० नंतरच्या काळात कावेरीत सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. पुढे कावेरीचा मूळचा कुबडाचा महाशीर झपाट्याने घटला. संशोधक या आगंतुकास त्याचे एक प्रमुख कारण मानतात. २०१८ साली त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता.

याउलट महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनी देवीवरील श्रद्धेने लोकांनी महाशीर जेथल्या तेथे राखला. डोहातील मासा धरावयाचा नाही, एवढाच तेथील नेम.

पैनगंगेकाठच्या भक्तांनीही असाच नेम धरावा. अनोळखी मासा नदीत सोडू नये. एखादा डोह राखावा. पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांस जाळे लावू नये. निर्माल्य व रंगविलेल्या मूर्ती पाण्यात टाकू नयेत.

नाथांनी तहानेल्या जीवास पाणी दिले. जलचरांचे मागणेही पाण्याचेच आहे: ते निर्मळ असावे, आणि त्यात त्यांचे घर त्यांचेच राहावे.