साल अर्ध्यात मोडलं तर

(स्नेहमेळाव्यातील अनुभवकथनाच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी डॉक्टर बोलले, पुण्याचे इंजिनिअर बोलले. माझा धंदा सांगायला जरा अवघड आहे. मी इथेच सेलूत घरी बसून भाषांतर करते, इंग्रजी आणि हिंदीतून मराठीत. शाळेच्या अभ्यासाचे पाठ, बँकांची माहितीपत्रकं, औषधांच्या सूचना. पैसे शब्दावर मिळतात. पगार नाही, पीएफ नाही, फक्त करार. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. माझं ऱ्हस्व-दीर्घ अजून त्यांच्याच धाकाने नीट आहे.

संयोजकांनी मला 'घरबसल्या कमाई' हा विषय दिला. त्यावर आपल्या ग्रुपवरच रोज व्हिडिओ येतात. म्हणून मी त्यातला न सांगितला जाणारा भाग सांगते. बारा महिन्यांचं काम समोरच्याने सहाव्या महिन्यात बंद केलं तर काय?

माझा करार १ सप्टेंबर २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२५ असा होता. कंपनी बाहेरच्या राज्यातली, नाव सांगत नाही. महिन्याला ४०,००० शब्द, शब्दाला १ रुपया २० पैसे, म्हणजे ४८,००० रुपये. मुलगा लातूरला अकरावीत, त्याची क्लासची आणि हॉस्टेलची फी याच कामावर बेतलेली. या कामासाठी मी दुसरी दोन कामं नाकारली होती. १८ फेब्रुवारीला सकाळी चार ओळींचा मेल आला. आता भाषांतर यंत्र करणार, तुमचा करार आजपासून संपला, सहकार्याबद्दल आभार.

गंमत अशी की नोकरी गेली तर गल्लीला कळतं. माणूस सकाळी डबा घेऊन निघत नाही, शेजारी विचारतात. माझं काम गेलं तेव्हा मी त्याच खुर्चीवर, त्याच लॅपटॉपसमोर बसलेली होते. सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कामात आहेस ना, बोलत नाही." दोन दिवस मला घरात सांगता आलं नाही. जे गेलं ते कोणी पाहिलंच नव्हतं, तर गेल्याचं सांगणार कसं?

त्या दोन दिवसांत मी एकच काम केलं. कंपनीच्या पोर्टलवरून माझं सगळं उतरवून घेतलं : दिलेलं काम, तारखा, मंजुरीचे मेल, थकलेली बिलं. अशा वेळी खातं कधी बंद करतील याचा नेम नसतो. चौथ्या दिवशी माझं खरंच बंद झालं.

मग हिशोबाला बसले आणि मला आमच्या वडिलांच्या शेतावरचा सालगडी आठवला. शेतीवाल्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईत वाढलेली आपली मुलं हे वाचतील म्हणून सांगते. सालगडी पाडव्याला धरायचा, पुढच्या पाडव्यापर्यंत. थोडी उचल आधी, बाकी पैसे आणि ज्वारी ठरल्याप्रमाणे. एका वर्षी पावसाने दगा दिला आणि वडिलांनी त्याला भाद्रपदातच सांगितलं की बाबा, पुढचं काही झेपत नाही. तो ओसरीवर बसला आणि बोटावर महिने मोजू लागला. वडिलांनी सरळ भागाकार केला होता : बारा महिन्यांचे इतके, तर पाच महिन्यांचे इतके, त्यातून उचल वजा. तो म्हणाला, "मालक, महिने सारखे नसतेत. नांगरट माझ्या हातची, पेरणी माझी, कोळपणी माझी. जड महिने मी काढले. हलके तुम्ही कापून घ्यायलात." वडील गप्प झाले. त्यांनी एका महिन्याची ज्वारी वर दिली.

आपल्या गणिताच्या सरांनी काळ-काम-वेगाची किती गणितं करून घेतली! इतके मजूर इतक्या दिवसांत, चार दिवसांनी तिघे निघून गेले, तर उरलेलं काम कधी पुरं होईल? त्या सगळ्या गणितांत प्रत्येक दिवस सारखा असायचा. (सर, तक्रार नाही, मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते.) प्रत्यक्षात पहिला महिना जड असतो. मी सप्टेंबरात त्यांच्या विषयांचा १,१०० शब्दांचा पारिभाषिक कोश तयार केला होता. त्याचे वेगळे पैसे नव्हते, कारण ती मेहनत बारा महिन्यांत वसूल होणार होती. आता सहाच महिने मिळाले.

म्हणून मी पैशांचे तीन ढीग केले. पहिला, झालेल्या कामाचा : जानेवारीचं बिल ४८,०००, फेब्रुवारीत दिलेले २६,००० शब्द म्हणजे ३१,२००, आणि पूर्ण करून ठेवलेले, अजून न पाठवलेले ६,००० शब्द म्हणजे ७,२००. एकूण ८६,४००. यात सूट नाही. दुसरा ढीग सूचनेचा. करारात ३० दिवसांची नोटीस लिहिली होती आणि त्यांनी एक दिवसही दिला नव्हता. म्हणून आणखी ४८,०००. कोशाची मेहनत मी याच मागणीच्या बाजूने मांडली. तिसरा ढीग उरलेल्या पाच महिन्यांचा. त्याच्याकडे मी फार बघत बसले नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ भरपाई देतं, पण नुकसान कमी करायला तुमच्या हाती काय उपाय होता हेही विचारात घेतं. 'पाच महिने बसून राहिले, सगळे द्या' हे चालत नाही. शिवाय नोटीस देऊन करार संपवायची मुभा त्यांना होतीच.

पत्र मी रागाने लिहिलं नाही. एक पान, आकडे, तारखा आणि शेवटी दोन ओळी. माझी 'उद्यम' नोंदणी आधीपासून होती. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. भाषांतरासारखी सेवाही यात येते. वाद गेला तर तो सुविधा परिषदेपुढे जातो आणि समोरचा भारतात कुठेही असो, आपण जिथे आहोत तिथल्या परिषदेला तो ऐकायचा अधिकार असतो. त्यांच्या गावी वकील शोधत फिरायला नको. नोंदणी फुकट आहे, आधारवर होते. मात्र काम घेण्याआधी करा. नंतर केलेली नोंदणी मागच्या बिलाला लागू होईल याच्या भरवशावर राहू नका. आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीबाहेर थकवलेला असा खर्च कंपनीला आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच येतो. माझ्या मते त्यांच्या हिशोबनीसाला व्याजापेक्षा मार्च महिन्याने जास्त हलवलं.

तिसऱ्या आठवड्यात ७९,२०० मधून १० टक्के टीडीएस कापून ७१,२८० जमा झाले. उरलेले ६,००० शब्द आणि कोश मी पैसे येईपर्यंत पाठवले नाहीत. नोकर नसलेल्या लेखकाच्या किंवा भाषांतरकाराच्या कामाचा कॉपीराइट, लेखी करार करून दिलेला नसेल तर, त्याचाच असतो. माझ्या करारात तो पैसे मिळाल्यावर त्यांच्याकडे जायचा होता. शब्दांचे पैसे आले, शब्द गेले. नोटिशीच्या ४८,००० वर बरीच ओढाताण झाली आणि एप्रिलमध्ये ३०,००० वर मिटलं. कोश माझ्याकडेच राहिला. १८,००० सोडले, कारण तोवर मला दुसरं काम मिळालं होतं आणि परिषदेच्या तारखांपेक्षा माझे दिवस मला हवे होते. नवऱ्याला हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

घरी सांगितलं ते तिसऱ्या दिवशी. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी परत येऊ का?" त्याची फी त्या तिमाहीत भिशीतून भरली.

आपल्यात असे कंत्राटी लोक नवीन नाहीत. आचारी, बँडवाले, मंडपवाले, लग्नाचे फोटोग्राफर, सगळे तेच. पण ते इसार घेतल्याशिवाय तारीख लिहीत नाहीत आणि लग्न मोडलं तर इसार परत देत नाहीत. आम्ही लॅपटॉपवाले मात्र त्याला मागासलेपणा समजतो. आता मी पहिल्या महिन्याच्या तयारीचे पैसे वेगळे आणि आगाऊ घेते. एका गिऱ्हाइकाला महिन्याचे निम्म्याहून जास्त दिवस देत नाही. यंत्राचं भाषांतर तपासायचं कामही घेते, पण शब्दावर नाही, तासावर. कारण यंत्राचं एखादं वाक्य दुरुस्त करायला नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे बाईंना वही तपासताना कधीच कळलं असेल.

माझ्या कराराचा दोन पानी मराठी मसुदा मी झेरॉक्स करून आणला आहे. नोटिशीचं कलम, तयारीच्या पैशांचं कलम आणि कॉपीराइटचं कलम त्यात अधोरेखित केलं आहे. नोंदणीच्या टेबलावर ठेवलाय. ज्यांची मुलं असं काम करतात त्यांनी एकेक प्रत घेऊन जा.