हॅमस्टरचा घातक अतिसार
रात्रभर चाकावर धावणारा हॅमस्टर एकाएकी कोपऱ्यात पाठ वाकवून बसू लागला, अन्नास तोंड लावीनासा झाला आणि त्याच्या शेपटीभोवतालचे केस पातळ विष्ठेने ओले दिसले, तर ते किरकोळ अपचन न समजता, लॉसोनिया नामक जंतूमुळे विशेषतः नुकत्याच आईपासून दुरावलेल्या सीरियन जातीच्या पिलांना ग्रासणारा अतिसार असावा, असे गृहीत धरून तत्काळ तजवीज करावी. प्रवास व दाटी यांनी हा रोग बळावतो. रोगी प्राण्यास वेगळे व उबदार ठेवावे. परंतु घरातील पेनिसिलिनवर्गीय औषध कदापि देऊ नये, कारण ते आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश करून प्राणघातक ठरते. या रोगाने 48 तासांतही मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे.