सगळ्यांचा आयडी एकच
मोरगावात लहानपणी डेअरीवर दूध घालायला जायचो, तेव्हा वहीत प्रत्येकाची वेगळी ओळ असायची. मेनफ्रेमवर मी उलटं पाहिलं.

डीबीटूमध्ये टेबलला ‘ऑडिट ऑल’ लावलेलं, ऑडिट ट्रेस सुरू: क्लास 4 म्हणजे बदल, 5 म्हणजे वाचन. सोबत ऑथआयडी दिला की फक्त त्या युजरच्या नोंदी एसएमएफमध्ये जातात, प्रकार 102. (एका व्यवहारात त्या टेबलचा पहिलाच बदल नोंदतात, बरं का.)

एक रक्कम कुणी बदलली ते शोधत होतो. नोंदीत नाव ॲप्लिकेशनचं! सगळे एकाच आयडीने आत यायचे. संशय आला रात्रपाळीच्या पोरावर.

मग ट्रस्टेड काँटेक्स्ट लावला. 2007च्या डीबीटू 9पासून तो आहे. कनेक्शन तेच, पण नोंदीत खरा युजर येतो. जुन्या नोंदी मात्र तशाच. त्या पोराचं नाव अजून मोकळं नाही झालं.