रानपिंगळ्याचे साक्षीदार

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज इथे पक्षिमित्र आहेत, वन खात्यात उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आहेत, शिक्षक आहेत आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली तरुण मुलेही आहेत. वन्यजीवांवर प्रेम करणारी माणसे एकत्र येतात, ती नेमकी कशासाठी, हा आजचा विषय. तो मला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पक्ष्याच्या हकिकतीतून मांडायचा आहे. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा.

1872 च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक छोटे घुबड टिपले. ॲलन ह्यूमने 1873 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसनने 1880 ते 1884 च्या दरम्यान शहादा आणि तळोदा परिसरात हाच पक्षी मिळवला. तेव्हा पक्ष्याचा अभ्यास म्हणजे तो मारायचा, कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे मिळाला, कधी, कोणाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून असे सातच नमुने होते, आणि त्यांतले सर्वाधिक आपल्या भागातले. 1884 नंतर मात्र हा पक्षी कोणालाच दिसला नाही.

अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्टझॅगन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या एका नमुन्यावर चिठ्ठी होती: गुजरातमधले मांडवी, ऑक्टोबर 1914. माणूस मोठा, संग्रह मोठा, म्हणून चिठ्ठीवर विश्वास बसला. पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनाही शोध घेऊन रानपिंगळा सापडला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे बहुतेकांनी मनोमन धरले.

पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने तो नमुना क्ष-किरणांखाली ठेवला. आतले काम माइनर्टझॅगनच्या हातचे नव्हते, ती ठेवण डेव्हिडसनची होती. संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली होती. म्हणजे आपल्या खानदेशातला पक्षी कागदावर गुजरातेत नेऊन ठेवला गेला होता! मांडवी यादीतून बाद झाल्यावर उरल्या त्या खऱ्या जागा. रासमुसेन आणि तिचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडले आणि मग सातपुड्याच्या पायथ्याशी आले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी, शहाद्याजवळ, भर उजेडात, निष्पर्ण झाडाच्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनी. तेव्हा आपला जिल्हासुद्धा अस्तित्वात नव्हता. तो धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला.

हे मी इतके सविस्तर सांगतो आहे, कारण वन्यजीवप्रेमींच्या एकत्र येण्याचे पहिले काम माझ्या मते यातच आहे. एकट्या माणसाच्या चिठ्ठीवर जग विसंबले की काय होते, ते आपण पाहिले. चार जाणकार शेजारी बसले, एकमेकांना 'कुठे पाहिलास, किती वेळ, उजेड कसा होता' असे विचारू लागले, तरच नोंद खरी ठरते. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तीही नमुने समोर ठेवून टिपणांची देवाणघेवाण करण्यासाठी. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. डेव्हिडसन तळोद्याच्या रानात होता, तोच हा काळ. पुढे 1981 मध्ये लोणावळ्याला महाराष्ट्रातले पक्षिमित्र जमले आणि संमेलनांची परंपरा सुरू झाली. व्यवसायाने कारकून, डॉक्टर, प्राध्यापक असलेली माणसे स्वतःच्या खर्चाने येऊन आपापल्या तळ्याची, माळाची निरीक्षणे मांडतात, ही मराठी समाजाची मोठी मिळकत आहे.

पण पक्षिमित्रांच्या या बैठकीत आजवर एक जागा रिकामी राहिली: रानात राहणाऱ्या माणसाची. रानपिंगळा हे दिवसा वावरणारे घुबड आहे. उघड्या फांदीवर बसते, शेपटी झटकते, सरडे-उंदीर पकडते. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पोट पांढरे, पाय दणकट. असा पक्षी 113 वर्षे इथे गुरे चारणाऱ्या, मोहफुले वेचणाऱ्या कोणाच्याच नजरेला पडला नसेल, हे मला पटत नाही. पडला असणार. फक्त पावरा किंवा भिल्ल माणसाने पाहिलेले लिहून घेणारे कोणी नव्हते.

आता अवघड भागाकडे येतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या जिल्ह्यातली 33 गावे आली. त्या विस्थापितांना वसवण्यासाठी 1990 मध्ये तळोद्याचे सुमारे 2700 हेक्टर वन मोकळे करण्यात आले. हे तेच तळोदा, जिथे डेव्हिडसनला रानपिंगळा मिळाला होता. नर्मदाकाठच्या माणसाचे रान बुडाले, आणि त्याला घर देण्यासाठी दुसरे रान तोडले गेले. अशा ठिकाणी उभे राहून कोणी 'अतिक्रमणामुळे पक्षी संपतो' एवढेच म्हणत असेल, तर तो अर्धे सांगतो. नेवाड, म्हणजे रान साफ करून केलेले शेत, काढून कसणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला हक्क दिला आहे, तसा ग्रामसभेला रान आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारही दिला आहे. ही दुसरी बाजू आपल्या संमेलनांत फार कमी बोलली जाते, याचे मला दुःख आहे.

सातपुड्यातल्या तोरणमाळचे वन आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. 2002 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात वन खाते आहे, क्षेत्र ज्यांच्या हद्दीत येते त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आहे, आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन. वन्यजीवप्रेमी आणि गावकरी यांनी एका सतरंजीवर बसावे, हे कायद्यानेच लिहून ठेवले आहे. ती बैठक जिवंत ठेवणे हे माझ्या दृष्टीने कोणत्याही मोठ्या संमेलनाइतकेच मोलाचे काम आहे. तिचे इतिवृत्त मराठीत लिहिले जावे आणि ग्रामसभेत पावरीतून वाचून दाखवले जावे.

छायाचित्रकार मित्रांनाही विनंती आहे. रानपिंगळ्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नका. नर चारा आणतो आणि मादी ढोलीत बसते, त्या दिवसांत समोर गर्दी झाली तर पिल्ले उपाशी राहतात. ढोलीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. अंधश्रद्धेपोटी घुबडे पकडणाऱ्यांना तीच माहिती हवी असते. नोंद पूर्ण ठेवा, ती जबाबदार हातांत द्या, आणि ज्या गुराख्याने फांदी दाखवली त्याचे नाव त्याला विचारून त्या नोंदीत लिहा.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. पक्षिमित्रांचे पुढचे एखादे संमेलन सातपुड्यात घ्यायचे मनात असेल, तर तारीख नीट ठरवा. संमेलनांना हिवाळा सोयीचा वाटतो, पण दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. त्या दिवसांत भरलेल्या संमेलनात सातपुड्याचा माणूस नसेल. लोक होळीला घरी येतात. होळीनंतर आणि पेरणीच्या धांदलीआधी जमा, पाड्यावरच्या शाळेच्या आवारात बसा. ढोलीत पिल्ले असतील, तेव्हा रानात झुंडीने जाऊ नका. पहिले सत्र म्हाताऱ्या माणसांचे ठेवा, त्यांना बोलू द्या, आणि आपण वह्या उघडून लिहून घ्या.