दाखल्यावर लिहिणार नाही ना?

(सोसायटीच्या पालकसभेतील भाषण)

मी शाळेत समुपदेशक आहे, आणि इथे तुमची शेजारीण. आपल्या उपनगरातल्या शाळांची फी आपण सगळे जाणतो. "आमच्याकडे असलं काही नसतं" हे मी जास्त तिथेच ऐकते.

व्हेप पेनड्राइव्हसारखं दिसतं. वास आंब्याचा, पुदिन्याचा. आईला संशय येणार कुठून? विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, तरी दप्तरात सापडतंच. सापडलं की पालकांचा पहिला प्रश्न, "मॅडम, दाखल्यावर लिहिणार नाही ना?" पोराला झोप लागते का, हे नंतर. काही जण शाळाच बदलतात. सवय त्याच दप्तरातून नव्या शाळेत जाते.

गांजा असला की भीती पोलिसांची. पण एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वाचा. व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मात्र पुरते करायला हवेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय.

१४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर लिफ्टशेजारच्या फलकावर लावायला सेक्रेटरींना सांगितलंय. पाहुणे काय म्हणतील म्हणून कोणी काढू नका हं!